तक्रारपेटीपर्यंत न पोहोचणारी तक्रार

प्रति,
माननीय आयुक्त (शिक्षण),
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : समलिंगी कल असलेल्या किशोरवयीन विद्यार्थ्यांचा शाळेत होणारा छळ आणि त्याची दखल घेण्याची रीत

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधीच्या प्रकरणात निकाल देताना, विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा मार्गदर्शक निर्देश घालून दिले आणि त्याबाबत कायदा होईपर्यंत ते देशातील शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे व खासगी शिकवणी वर्ग या सर्वांवर बंधनकारक राहतील असे स्पष्ट केले. छळाची तक्रार गोपनीयतेने करता येईल अशी यंत्रणा प्रत्येक संस्थेत असावी, असे त्या निर्देशांत म्हटले असून छळाच्या कारणांची जी यादी तेथे दिली आहे तीत जात, वर्ग, धर्म आणि अपंगत्व यांच्या जोडीने लैंगिक कल या कारणाचाही नावानिशी उल्लेख आहे. लैंगिक कल म्हणजे एखाद्या व्यक्तीला कोणत्या लिंगाच्या व्यक्तींविषयी प्रेम वा शारीरिक ओढ वाटते त्याची दिशा. ती ओढ स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तींविषयी असेल तर तो कल समलिंगी म्हटला जातो. शिक्षण आयुक्तालयाकडून या निर्देशांची अंमलबजावणी होत असताना या एका कारणाकडे स्वतंत्रपणे पाहणे का आवश्यक आहे आणि इतर छळांसाठी वापरली जाणारी रूढ पद्धत येथे का उलटते, हे मांडणे एवढाच या पत्राचा हेतू आहे.

हे निर्देश येण्याआधीची स्थिती विचित्र होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती करून लैंगिक कलावरून केलेला छळ आणि बहिष्कार यांना रॅगिंग ठरवले, परंतु ते विनियम उच्च शिक्षणसंस्थांपुरते असल्यामुळे महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या अठरा वर्षांच्या तरुणाला जे संरक्षण मिळाले ते आठवी-नववीतल्या मुलाच्या वाट्याला आले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना मनाई केली आहे. मात्र त्या कलमाचा रोख प्रामुख्याने मोठ्यांच्या वर्तनावर आहे आणि तो कायदा आठवीच्या पुढे जात नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्याची व्याख्या याहून बरीच रुंद आहे. विद्यार्थ्याला भीती किंवा लाज वाटेल असे चिडवणेदेखील तीत बसते, आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी न करणाऱ्या संस्थाप्रमुखाला अपराधास साहाय्य केल्याबद्दल जबाबदार धरण्याची तरतूदही त्यात आहे. तरीही हा कायदा वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांसाठीच आहे अशी समजूत सर्वत्र इतकी मुरली आहे की माध्यमिक शाळेच्या कार्यालयात त्याचे नाव सहसा निघत नाही.

छळाची सुरुवात कशी होते हे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की पाचवी-सहावीच्या वर्गात ज्या मुलाला ‘बायल्या’, ‘छक्का’ किंवा ‘गुड’ अशी नावे पडतात त्याला त्या वेळी स्वतःच्या लैंगिक कलाची जाणीव बहुधा झालेलीही नसते. वर्ग त्याच्या चालण्यावरून, आवाजाच्या पट्टीवरून, हातवाऱ्यांवरून, मधल्या सुट्टीत क्रिकेट खेळण्याऐवजी मुलींच्या घोळक्यात बसण्यावरून त्याच्यावर एक शिक्का मारतो, आणि पुढे तीन-चार वर्षांनी त्याला खरोखरच मुलांविषयी ओढ वाटू लागली तर त्या ओढीची पहिली ओळख त्याला एका शिवीच्या रूपाने आधीच झालेली असते. उलट ज्यांना अशी नावे पडतात त्यांतली कित्येक मुले समलिंगी नसतातच. लिंगभावाचे वर्तन, म्हणजे मुलाने कसे बोलावे-चालावे आणि मुलीने कसे, याविषयीच्या अपेक्षांशी जुळणारे वा न जुळणारे वागणे, ही लैंगिक कलाहून वेगळी बाब आहे, आणि स्वतःला स्त्री, पुरुष किंवा या दोहोंहून वेगळे मानण्याची लिंगभाव ओळख ही तिसरी बाब आहे. शास्त्रात वेगळ्या असलेल्या या तिन्ही गोष्टी शाळेच्या जिन्याखाली एकाच शिवीत मावतात. त्यामुळे या छळाविरुद्धचा उपाय ‘त्या थोड्या मुलांसाठी’ असल्याचे मानणारा मुख्याध्यापक हिशेबातच चुकतो. दबक्या आवाजाचा, हळवा, चित्रे काढणारा कोणताही मुलगा आणि केस बारीक कापणारी, कबड्डीत रमणारी कोणतीही मुलगी या माऱ्याच्या टप्प्यात येते.

शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुलाला साडी नेसवून सभागृह हसवण्याचा प्रकार अजूनही हमखास टाळ्या घेतो आणि पहिल्या रांगेतले शिक्षकही त्या हशात सामील असतात, हे येथे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या लुगड्याची ढब घरोघरी उचलली त्याच महाराष्ट्रात स्त्रीवेष हा आता मुख्यतः टिंगलीचा विषय उरला आहे. त्या रात्री रंगमंचावरून जे हसू सुटते तेच दुसऱ्या दिवशी वर्गात एका विशिष्ट मुलाकडे वळते.

छळाचे प्रमाण किती, या प्रश्नाला भारतात फार थोडी भरवशाची उत्तरे उपलब्ध आहेत. युनेस्कोच्या नवी दिल्ली कार्यालयाने चेन्नईच्या सहोदरन या संस्थेच्या साहाय्याने तमिळनाडूत केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हे त्यांतले एक उत्तर आहे. लैंगिक कल किंवा लिंगभाव यांबाबत अल्पसंख्य असलेल्या ३७१ तरुणांनी त्यात आपले शाळेतले अनुभव सांगितले. त्यांपैकी ६० टक्के जणांना माध्यमिक टप्प्यावर शारीरिक छळाला तोंड द्यावे लागले होते, सुमारे एक तृतीयांश जणांच्या शिक्षण सोडण्यामागे छळ हे प्रमुख कारण होते, आणि शाळेच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केलेल्यांचे प्रमाण अवघे १८ टक्के होते. एका राज्यातल्या, एवढ्याच संख्येच्या पाहणीवरून महाराष्ट्राचे आकडे काढणे अशास्त्रीय ठरेल. तथापि शेवटचा आकडा कोणत्याही शिक्षकाच्या अनुभवाशी पडताळून पाहता येतो, कारण लैंगिक कलावरून झालेल्या छळाची लेखी तक्रार आपल्या शाळेत किती वेळा आली असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर ‘एकदाही नाही’ असेच येईल, आणि छळ होत नाही असा त्याचा अर्थ कोणताही प्रामाणिक शिक्षक लावणार नाही.

तक्रार का येत नाही, हा या पत्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे. शाळेतल्या कोणत्याही गंभीर तक्रारीचा रूढ मार्ग ठरलेला आहे: वर्गशिक्षकाला कळते, वर्गशिक्षक मुख्याध्यापकांना सांगतात, आणि मुख्याध्यापक दोन्ही बाजूंच्या पालकांना बोलावतात. जातीवरून किंवा धर्मावरून अपमानित झालेले मूल संध्याकाळी ज्या घरी परतते ते घर त्याच जातीचे वा धर्माचे असते, त्या अपमानाची धग घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी सोसलेली असते, आणि त्यामुळे पालकांना बोलावणे म्हणजे त्या मुलाच्या बाजूला माणसे उभी करणे ठरते. समलिंगी कल असलेले मूल मात्र आपल्या घरातही एकटेच अल्पसंख्य असते. त्याच्या आईवडिलांनी हा अनुभव घेतलेला नसतो, बहुधा त्याविषयी तिरस्काराने बोललेलेच त्याने ऐकलेले असते, आणि म्हणून पालकांना बोलावण्याची चिठ्ठी त्याच्या दृष्टीने संरक्षणाची राहत नाही, ती उघडकीला येण्याची नोटीस होते. चिडवणारा मुलगा मुख्याध्यापकांच्या खोलीत एवढेच म्हणतो की ‘सर, तो तसलाच आहे’, आणि त्या क्षणी चौकशीचा विषय छळ करणाऱ्याच्या कृत्यावरून छळ सोसणाऱ्याच्या स्वभावावर सरकतो. हे मुलांना पुरते ठाऊक असते. त्यांचे मौन हे भित्रेपणाचे लक्षण मानण्याऐवजी परिस्थितीचे अचूक आकलन मानावे लागेल.

घरी कळल्यानंतर काय होते याची कल्पना आयुक्तालयाला असणे आवश्यक आहे. काही आईवडील प्रथम हादरतात आणि मग मुलाला जवळ घेतात, अशी घरे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे. परंतु अनेक घरांत मोबाइल काढून घेणे, शिकवणी बंद करणे, मामाकडे गावी पाठवणे असा क्रम सुरू होतो आणि त्यानंतर ‘इलाज’ शोधला जातो, मग तो डॉक्टरकडचा असो की भगताकडचा. समलिंगी कल हा आजार नाही ही वैद्यकशास्त्रातली जुनी बाब आहे: जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तो रोगांच्या वर्गीकरणातून वगळला आणि इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये हीच भूमिका जाहीरपणे मांडली. कल बदलण्याच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या औषधांना, विजेच्या झटक्यांना किंवा समुपदेशनाला रूपांतरण उपचार म्हणतात. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ च्या आदेशात अशा उपचारांना मनाई केली आणि त्याच खटल्याच्या ओघात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. भगताकडे नेऊन अंगातले भूत उतरवण्यासाठी मारहाण झाली तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तेथे थेट लागू होतो. शाळेने बोलावलेल्या पालकसभेच्या दुसऱ्या दिवसापासून मूल गैरहजर राहू लागले तर या साऱ्या शक्यता मुख्याध्यापकांच्या डोळ्यांसमोर असायला हव्यात.

मुलींची स्थिती याहूनही कमी दिसते, आणि म्हणून तिच्याविषयी अधिक सावधपणे लिहावे लागते. समलिंगी ओढ वाटणाऱ्या मुलीला मुलांसारखी मारहाण क्वचित होते. तिच्या बाबतीत छळाचे हत्यार कुजबुज हे असते. दोन मैत्रिणींची जवळीक वर्गाच्या नजरेत भरली की त्यांच्या नावांची जोडी फळ्यावर लिहिली जाते, एकीने दुसरीला पाठवलेल्या संदेशाचे छायाचित्र वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरते, बाकीच्या मुली डबा खाताना जागा बदलतात. शाळा या सगळ्याला शिस्तीचा प्रश्न समजते आणि दोघींची बाके, मग तुकड्या, वेगळ्या करते. म्हणजे ज्या एका व्यक्तीपाशी ती मुलगी मनातले बोलू शकत होती तिच्यापासून तिला तोडण्याचे काम छळणाऱ्यांच्या वतीने शाळाच पूर्ण करते. घरी कळले तर मुलाच्या बाबतीत इलाज शोधला जातो तसा मुलीच्या बाबतीत नवरा शोधला जातो. दहावीनंतर अचानक दाखला काढून नेल्या गेलेल्या मुलींच्या नोंदीत ‘कौटुंबिक कारण’ एवढेच लिहिलेले असते, आणि त्यामागे गरिबी, अंतर, भावाचे शिक्षण अशी अनेक कारणे असू शकतात. पण त्यांत हेही एक कारण असू शकते असा विचार बालविवाह रोखण्यासाठी नेमलेल्या यंत्रणेने कधी केल्याचे दिसत नाही. मार्च २०२२ मधील शासन निर्णयाने शाळाशाळांत नेमलेल्या सखी सावित्री समित्यांना मुलींची गळती आणि बालविवाह रोखण्याचेच काम दिलेले आहे. त्या समितीच्या सदस्यांना या विषयाचे एका दुपारचे प्रशिक्षण मिळाले तरी तिच्या कामाची पोच बरीच वाढेल.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, या विषयात शिक्षकांच्या मनात मोठी धास्ती निर्माण करतो आणि त्या धास्तीचा एक भाग गैरसमजावर उभा आहे. या कायद्याच्या कलम १९ नुसार बालकाविरुद्धचा लैंगिक अपराध घडल्याची माहिती किंवा तो घडण्याची आशंका असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हे बंधन शिक्षक व समुपदेशक यांनाही लागू आहे. परंतु एखाद्या मुलाने आपल्याला मुले आवडतात असे सांगणे ही माहिती अपराधाची नाही. ती एका भावनेची माहिती आहे आणि भावना कळवण्याचे बंधन कोणताही कायदा घालत नाही. याउलट त्याच मुलाला स्वच्छतागृहात अडवून कपडे काढायला लावले गेले असेल तर ती ‘मुलांची मस्ती’ राहत नाही, तेथे पॉक्सो लागू होऊ शकतो, आणि हा कायदा पीडित बालकाच्या लिंगानुसार भेद करीत नसल्यामुळे पीडित मुलगा असणे ही सबब चालत नाही. हे दोन प्रसंग एकमेकांपासून वेगळे कसे ओळखावेत हे शिक्षकाला स्पष्ट शब्दांत लिहून दिले नाही तर तो पहिल्या प्रसंगात घाबरून तोंड फिरवतो आणि दुसऱ्या प्रसंगात समेट घडवून आणतो.

या वयात हा विषय नको, संस्कृतीला तो मानवत नाही, पालक बिथरतील, असे आक्षेप येणार हे गृहीत आहे. २००७ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला ज्या राज्यांनी अटकाव केला त्यांत महाराष्ट्र होता, आणि २०२१ मध्ये तृतीयपंथी बालकांच्या शालेय समावेशासाठी एनसीईआरटीने तयार केलेली शिक्षकपुस्तिका संकेतस्थळावर आल्यानंतर काही दिवसांतच आक्षेपांमुळे तेथून हटवली गेली. तरीही या आक्षेपांचे उत्तर बाहेरून आणावे लागत नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने १९२७ पासून मराठी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्राच्या आधारे उत्तरे दिली. १९३४ मध्ये अशा उत्तरांवरून, ज्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकेचे उत्तरही होते, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून न्यायालयात उभे राहिले. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला, पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालेच पाहिजे ही बाजू मराठी समाजात मांडली गेली होती. शिवाय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ विषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल येण्याच्याही आधी, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमासाठी ‘साथिया’ नावाचा संच प्रसिद्ध केला. किशोरवयात समान किंवा भिन्न लिंगाच्या व्यक्तीविषयी ओढ वाटणे स्वाभाविक आहे, मुलाने रडण्यात किंवा स्वयंपाक आवडण्यात गैर काही नाही, आणि त्यावरून कोणाला नावे ठेवणे चूक आहे, अशा आशयाचे विवेचन त्यात आहे. शासनाची एक शाखा जे गावोगावच्या किशोरांना सांगते ते दुसऱ्या शाखेने शाळेत सांगू नये याला कोणताही सुसंगत आधार देता येणार नाही.

मुळात आयुक्तालयाकडे जी मागणी आहे तिची सुरुवात पाठ्यक्रमापासून होत नाही. इंद्रधनुषी फलक लावण्याने किंवा वर्षातून एक दिवस साजरा करण्याने या मुलांच्या दिवसक्रमात फरक पडेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. फरक पडेल तो शाळेच्या ज्या जागांवर कोणाची नजर नसते तेथे नजर ठेवल्याने, म्हणजे स्वच्छतागृहाचा बोळ, बसचे मागचे बाक, कवायतीच्या तासाआधी कपडे बदलण्याची खोली आणि सहलीतला मुक्काम. त्यानंतरचा आणि अधिक अवघड भाग तक्रारीच्या रीतीचा आहे. छळाची नोंद कृत्याच्या आधारे व्हावी: काय म्हटले, काय केले, कुठे, कोणी. ज्याच्यावर ते घडले तो समलिंगी आहे की नाही हा प्रश्न चौकशीत कोणी विचारू नये, नोंदवहीत लिहू नये, आणि छळ करणाऱ्याने तो मुद्दा पुढे केला तर तो असंबद्ध म्हणून बाजूला ठेवावा. पीडित मुलाच्या पालकांना कळवणे आवश्यक असेल तेव्हा त्यांना छळाची माहिती द्यावी. मुलाच्या लैंगिक कलाविषयी शाळेला काही ठाऊक असेल तर ते त्याच्या संमतीशिवाय घरी सांगू नये, कारण ती माहिती शाळेची नाही, त्या मुलाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत अधिकार म्हणून मान्यता देताना लैंगिक कल हा त्या अधिकाराच्या गाभ्याचा भाग मानला आहे, आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत तो अधिकार स्थगित असतो असे कोठेही म्हटलेले नाही.

छळ करणारा मुलगाही बहुतेक वेळा तेरा-चौदा वर्षांचाच असतो, हे विसरून चालणार नाही. त्याला शाळेतून काढून टाकणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी कारवाई आहे. तो शेजारच्या शाळेत जातो आणि तेथे दुसरा मुलगा शोधतो. १९९९ च्या कायद्याचा दंडात्मक भाग गंभीर प्रकारांसाठी राखून ठेवावा, आणि एरवी त्याच्याशी सलग काही आठवडे बोलणारे कोणीतरी शाळेत असावे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचा आणि वर्षातून किमान दोनदा शिक्षक-कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा जुलै २०२५ चा निर्देश येथे उपयोगी पडतो. पद भरले जाईपर्यंत जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतील मैत्री क्लिनिक, म्हणजे किशोरवयीनांसाठीचे समुपदेशन केंद्र, शाळेशी जोडून देता येईल, आणि ‘टेलि-मानस’चा १४४१६ व चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर लावण्यापेक्षा मूल एकटे उभे राहून वाचू शकेल अशा जागी लावता येतील. पुण्यातील समपथिक ट्रस्ट आणि मुंबईतील हमसफर ट्रस्ट यांसारख्या संस्थांनी गेल्या दोन-तीन दशकांत मराठीतून केलेल्या कामाचा अनुभव प्रशिक्षणाची सामग्री तयार करताना विचारात घेणे हितावह ठरेल, कारण शहरी इंग्रजीतून आलेली परिभाषा जत किंवा अक्कलकुव्याच्या शिक्षकाच्या हाती जशीच्या तशी दिली तर ती फायलीतच राहते.

शेवटची बाब अधिकारक्षेत्राची आहे. हा छळ जेथे दिवसाच्या शेवटी संपत नाही ती ठिकाणे म्हणजे निवासी संस्था, आणि त्यांपैकी आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आहेत, मागासवर्गीय मुलामुलींची शासकीय वसतिगृहे सामाजिक न्याय विभागाकडे आहेत, आणि लातूरसारख्या शहरांत खासगी शिकवणी वर्गांभोवती उभी राहिलेली वसतिगृहे यांपैकी कोणाकडेच नाहीत, त्यांची नोंद असलीच तर स्थानिक स्वराज्य संस्थेकडे असते. त्यामुळे वर सुचवलेली तक्रारीची रीत शालेय शिक्षण विभागाने एकट्याने काढलेल्या परिपत्रकात बसणार नाही. ती तिन्ही विभागांच्या संयुक्त शासन निर्णयाने निघावी, तीत अधीक्षक आणि गृहपालांची जबाबदारी पदनामासह लिहिलेली असावी, आणि जुलै २०२५ च्या निर्देशांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नेमावयाच्या जिल्हास्तरीय देखरेख समितीच्या प्रत्येक बैठकीत निवासी संस्थांचा अहवाल स्वतंत्रपणे मागवला जावा. पुढील शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होण्यापूर्वी हा निर्णय निघावा, अशी विनंती आहे.